बडोद्यात गोल्फ क्लबची मेंबरशिप: वर्षाला 72 राउंड होणार का, ते आधी मोजा

गोल्फ क्लबच्या मेंबरशिपची चौकशी केली की समोरून पहिला आकडा येतो तो प्रवेश फीचा. तो ऐकून काही जण दचकतात, काही हुरळतात, आणि दोघांचाही हिशेब तिथेच चुकतो. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण दर महिन्याच्या बिलाला असतं. बडोद्यात विचारायचा प्रश्न असा: वर्षातल्या किती सकाळी तुम्ही खरोखर पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहणार?

आधी शहराबद्दल दोन शब्द. बडोद्याचं गोल्फ ऐन गावात आहे, आणि ही चैन फार थोड्या शहरांना मिळते. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं मैदान प्रतापसिंहराव गायकवाडांनी 1930च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतलं. 1990च्या दशकात त्यांचे नातू, रणजी खेळलेले समरजितसिंह, यांनी ते नव्याने तयार करून लोकांसाठी खुलं केलं. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या माणसाला गाडी काढून पंधरा-वीस मिनिटांत टीवर पोचता येतं. मेंबरशिप वसूल होण्यात या पंधरा-वीस मिनिटांचा वाटा फीच्या आकड्यापेक्षा मोठा असतो, हे पुढे दिसेलच.

आता हिशेब. खालचे आकडे कुठल्याही क्लबचं दरपत्रक नव्हे, पद्धत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या क्लबचे घाला. प्रवेश फी 3,00,000, मुदत 10 वर्षं, रक्कम परत न मिळणारी. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,54,000. बहुतेक जण याला दहाने भागतात आणि वर्षाला 35,400 पडले म्हणून खूश होतात. पण ही रक्कम पहिल्याच दिवशी हातातून जाते. 7 टक्के व्याज धरून ती दहा वर्षांच्या समान हप्त्यांत वाटली तर तिचा वर्षाचा खरा बोजा साधारण 50,400 येतो. महिन्याची वर्गणी 3,000 धरली तर जीएसटीसह वर्षाचे 42,480. दोन्ही मिळून 92,880.

मेंबर नसलेल्याला एका राउंडची, म्हणजे एका वेळच्या पूर्ण खेळाची, ग्रीन फी (मैदान वापरायचे पैसे) 1,200 धरा, करासह 1,416. मेंबरलाही पुष्कळ ठिकाणी नाममात्र ग्रीन फी असते; ती 100 धरली तर करासह 118. म्हणजे दर राउंडमागे मेंबरचे वाचतात 1,298. 92,880 भागिले 1,298 म्हणजे 72 राउंड. त्याखाली खेळलात तर पैसे भरून खेळणारा पाहुणा तुमच्यापेक्षा स्वस्तात खेळतो. कॅडीचे (काठ्यांची बॅग वाहणाऱ्याचे) पैसे, हरवलेले बॉल, हातमोजे हे दोघांनाही सारखंच लागतं, म्हणून हिशेबात घेतलेलं नाही.

72 म्हणजे आठवड्याला दीडच की, असं वाटेल. पण बडोद्याचं हवामान आठवडे सारखे वाटून देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे 17 आठवडे उत्तम. दोन-दोन राउंड धरले तर 34. मार्च ते जूनचा मध्य हे 15 आठवडे. सकाळी नऊनंतर मैदानावर उभं राहवत नाही, तरी आठवड्याला दीड धरला तर 22. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर आणखी 15 आठवडे. पाऊस, चिखल आणि विजांमुळे दोन आठवड्यांत एक राउंड झाला तरी पुष्कळ, म्हणजे 7. ऑक्टोबरच्या चिकट उकाड्यात 6. बेरीज 69. आठवड्यातून दोनदा खेळायचा नेम असलेला माणूससुद्धा तीन राउंडने कमी पडतो! शिवाय यात नवरात्र धरलेलंच नाही. गरब्याहून मध्यरात्रीनंतर परतलेला बडोदेकर सहा वाजता टी-ऑफला येत नसतो. लग्नसराई नेमकी चांगल्या हंगामात येते. उत्तरायणाच्या आधी-नंतर आठवडाभर मैदानावर मांजा पडलेला असतो, तो गवत कापायच्या मशीनच्या पात्यांत गुंडाळला जातो आणि ग्रीन (होलभोवतीचे बारीक गवताचे भाग) एक-दोन दिवस न कापलेले राहतात.

म्हणून मेंबरशिप आठवड्यातून तीनदा, तेही निम्म्या वेळा कामाच्या दिवशी, खेळू शकणाऱ्यालाच पैशांनी परवडते. निवृत्त माणूस, स्वतःचा व्यवसाय असलेला, किंवा नऊच्या आत नऊ होल संपवून दहाला कामावर हजर होणारा. फक्त रविवारी खेळणाऱ्याने पैसे भरून खेळावं, त्यात कमीपणा काही नाही.

रविवारची आणखी एक अडचण आहे, आणि ती माहितीपत्रकात कधीच नसते: गर्दी. चौघांची एक तुकडी दर दहा मिनिटांनी सुटते, म्हणजे तासाला 24 जण. नऊ होलला सव्वादोन तास लागतात. मे महिन्यात सव्वानऊच्या आत परतायचं तर शेवटची तुकडी सातला सुटायला हवी. सहा ते सात या वेळेत सुटतात 7 तुकड्या, म्हणजे 28 माणसं. नऊ होलच्या मैदानावर उन्हाळ्यातल्या रविवारी याहून जास्त लोक मावतच नाहीत. हिवाळ्यात वेळ मिळतो, पण तिथे वेगळी गंमत: अठरा होल खेळणाऱ्यांची पहिली तुकडी सव्वादोन तासांनी पुन्हा पहिल्या टीवर येते आणि नव्याने सुटणाऱ्यांना थांबावं लागतं. तेव्हा क्लबला 'मेंबर किती?' असं विचारू नका. 'रविवारी सकाळी किती टी-टाइम भरतात, बुकिंग किती दिवस आधी उघडतं, आणि पाहुण्यांना त्या वेळेत घेता का?' असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ओळखून घ्या.

मैदान पाहायला डिसेंबरात जाऊ नका, तेव्हा कुठलंही मैदान देखणं दिसतं. ऑगस्टमध्ये जा. जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभराने ग्रीनवर पाणी साचलेलं आहे का ते पाहा. नीट बांधलेल्या ग्रीनखाली सुमारे 30 सेंटीमीटर वाळूचा थर आणि त्याखाली 10 सेंटीमीटर खडी असते. पाणी खाली उतरून नळ्यांतून निघून जातं. जुने ग्रीन तिथलीच माती लोटून उंच केलेले असतात. काळ्या चिकण मातीत ते दिवसभर ओले राहतात, बुटांचे खड्डे पडतात आणि पावसाळाभर पट (ग्रीनवरचे हलके फटके) वाकडेतिकडे जातात. अशा मैदानावर वरच्या हिशेबातले पावसाळ्याचे 7 राउंड सरळ खोडा.

दुसरी भेट मे महिन्यात. पाणी कुठून येतं, बोअरचं की प्रक्रिया केलेलं, आणि कमी पडलं तर आधी काय तोडता, हे ग्रीन सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, ऑफिसातल्याला नको. पाणी तुटलं की क्लब ग्रीन आणि टी वाचवतो, फेअरवे (टी आणि ग्रीनमधले कापलेल्या गवताचे पट्टे) पिवळे पडू देतो. त्यात गैर काही नाही. कडक फेअरवेवर बॉल उलट लांब पळतो. ग्रीनच कडेने करपत असतील तर मात्र पाणी, माणूस किंवा मशीन यांपैकी काहीतरी कमी आहे. बर्म्युडा जातीचं गवत ग्रीनवर साधारण 3 ते 5 मिलिमीटर ठेवतात. तेवढं बारीक कापायला धार लावलेलं रील मशीन लागतं. गवताच्या पात्यांची टोकं फाटल्यासारखी पांढुरकी दिसली तर मशीनची धार गेलेली आहे. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) बोट खुपसून पाहा, तळाशी बोटभर खोल वाळू हवी. वर पापुद्रा आणि खाली माती लागली तर पावसात काठ धुऊन आत आलेला आहे आणि कुणी वाळू बदललेली नाही. वर्षातून एक-दोनदा ग्रीनला भोकं पाडून वाळू भरतात. ते आवश्यकच असतं, पण पुढचे दोन-तीन आठवडे पटिंगची मजा जाते. त्या तारखा आधी जाहीर करणारा क्लब व्यवस्थित चाललेला असतो.

कॅडींकडे जरूर लक्ष द्या. त्यांचे पैसे बहुधा रोख आणि वर्गणीच्या बाहेर असतात. कॅडींची श्रेणी ठरलेली आहे का, दर फळ्यावर लिहिलेला आहे का, ते पाहा. नसेल तर रोज घासाघीस. रफ, म्हणजे फेअरवेच्या कडेचं वाढलेलं गवत, दाट असेल तर बॉलवर नजर ठेवायला पुढे 'आगेवाला' उभा करावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. नवशिक्याचे एका राउंडमध्ये तीन-चार बॉल सहज जातात आणि नियमाप्रमाणे शोधायला 3 मिनिटंच मिळतात, तेव्हा आगेवाला महाग पडत नाही.

आता कागदपत्रं. यात घाई नको. क्लब सभासदांचा आहे की मालकाचा, हे पहिलं पाहा. सभासदांच्या क्लबात तुम्हाला मत असतं आणि हिशेब वार्षिक सभेत येतो. मालकाच्या क्लबात तुम्ही ग्राहक असता. तिथे वर्गणी वर्षाला जास्तीत जास्त किती टक्के वाढेल हे लिहून घ्या. 'लाइफ' या शब्दावर जाऊ नका: कुणाचं आयुष्य, किती वर्षं, आणि पश्चात पत्नीच्या किंवा नवऱ्याच्या नावावर होते का? मुलं कितव्या वर्षी मेंबरशिपमधून बाहेर पडतात? 'रिफंडेबल डिपॉझिट' असेल तर कधी, किती दिवसांत आणि काय कापून परत? वर्षभर परदेशी मुलाकडे जाणार असाल तर वर्गणी अर्धी करणारी 'अॅब्सेंटी'ची सोय आहे का? बडोद्यातल्या निम्म्या ज्येष्ठांना या शेवटच्या कलमाची गरज पडते.

कंपनीच्या नावाने घेणाऱ्यांसाठी: क्लबच्या मेंबरशिपवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेला कर कंपनीच्या करातून वजा करायची सोय) जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)खाली मिळत नाही, तेव्हा 18 टक्के हा खर्चच धरा. नाव दिलेला अधिकारी बदलला की नवं नाव घालायला पुन्हा फी लागते का, तेही पाहा. बदल्यांच्या कंपनीत ही रक्कम प्रवेश फीच्या बरोबरीने चढत जाते.

गुजरातेत एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या क्लबांपेक्षा वेगळी आहे. तिथे मैदानाचा बराच खर्च बार उचलतो. इथे दारूबंदी, त्यामुळे ते पैसे वर्गणीतून, लग्नाला लॉन भाड्याने देऊन, नाहीतर खाण्याच्या सक्तीच्या किमान बिलातून येतात. महिन्याला ठरावीक रकमेचं खा अथवा नका खाऊ, बिल लागतंच. राउंड संपल्यावर ज्याला गावातली तिखट सेवउसळच हवी असते, त्याने क्लब सँडविचचे पैसे का भरावेत? किमान बिल असेल तर ते वर्षाचं किती होतं, ते 92,880त मिळवा आणि राउंड पुन्हा मोजा. महिना 500 असले तरी वर्षाला 6,000 वाढतात आणि 72चे 77 होतात.

मेंबरशिपच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा. इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबाचे मेंबर झालात तर अधिकृत हँडिकॅप मिळतो. सुरुवातीला 54 होलचे स्कोअर द्यावे लागतात, मग तीन वेळा अठरा खेळा किंवा सहा वेळा नऊ. पुढे शेवटच्या 20 पैकी सर्वोत्तम 8 वरून आकडा ठरतो आणि त्यावर दुसऱ्या शहरातल्या स्पर्धांत उतरता येतं. स्पर्धा खेळायच्या असतील तर 72चा हिशेब थोडा सैल करायला हरकत नाही. दुसऱ्या गावच्या क्लबांशी करार असतील तर त्यांची यादी लेखी मागा, आणि तिथे पाहुण्याची फी माफ आहे की फक्त प्रवेश मिळतो, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी नुसता प्रवेशच असतो.

अहमदाबादकडे अठरा होलची मोठी, देखणी मैदानं आहेत, पुष्कळशी बंगल्यांच्या योजनांना जोडून. एक्सप्रेसवे 93 किलोमीटरचा. घरापासून टीपर्यंत दोन तास, साडेचार तास खेळ, परत दोन तास, दिवस गेला. महिन्यातून एकदा पाहुणे म्हणून जरूर जा. तिथली मेंबरशिप बडोद्यात राहून घेणं म्हणजे वर्षाचे बारा राउंड आणि टोलच्या पावत्या.

अजून स्विंगच बसलेला नाही, त्यांनी अर्ज आणूच नये. सहा महिने प्रशिक्षकाकडे शिका, जुना सात काठ्यांचा अर्धा सेट घ्या, पैसे भरून खेळा आणि प्रत्येक राउंड कॅलेंडरवर टिपून ठेवा. हे सहा महिने एप्रिल ते सप्टेंबर असू द्या. त्यात 25 खुणा झाल्या तर ऑक्टोबरात अर्ज भरा. क्लब दिवाळीची सवलत बहुधा तेव्हाच काढतात.