आपल्या खासदाराने शिक्षणाबद्दल काय विचारलं? संसदेचा ‘प्रश्न’ विभाग, वर्षभर वापरून

माझी धाकटी चौथीनंतर शाळेत गेली नाही. आता अकरा वर्षांची आहे, घरीच शिकते. गेल्या वर्षी शाळाबाह्य मुलांची नोंद करायला एक ताई दारात आल्या. पोरीने त्यांना स्वतःची वही आणून दाखवली. अंगणातल्या मधमाश्यांच्या पोळ्याचं चित्र, आणि शेजारी षटकोनांचे कोन मोजून मांडलेले. ताईंनी ते पान नीट पाहिलं आणि मला म्हणाल्या, “वहिनी, मुलगी हुशार आहे हो. पण मी टिक कुठे करू?” फॉर्मवर दोनच रकाने होते. शाळेत जाते, किंवा शाळाबाह्य.

त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हा रकाना ठरवणारी माणसं वर बसतात, तिथे कुणी याबद्दल विचारतं का? रात्री मुलं झोपल्यावर मी संसदेचं संकेतस्थळ उघडलं, आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी ते बघतेच. घरी मुलं शिकवणाऱ्या आईबापांना, आणि शिक्षणाची काळजी असणाऱ्या कुणालाही, हे सांगावंसं वाटतं म्हणून लिहिते आहे.

सेवा फुकट आहे. लोकसभा किंवा राज्यसभा निवडायची, प्रश्नांच्या विभागात जायचं, खासदाराचं नाव, मंत्रालय किंवा विषय टाकायचा. उत्तराची पीडीएफ उतरवता येते. मी महाराष्ट्रातल्याच एका खासदार बाईंचे शिक्षण मंत्रालयाला विचारलेले सगळे प्रश्न वाचून काढले. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की बोलणं पक्षावर जातं आणि मुलं मागे राहतात. जुने प्रश्न शोधताना एक ध्यानात ठेवा. 2020पर्यंत या खात्याचं नाव मनुष्यबळ विकास मंत्रालय होतं, त्याआधीची प्रश्नोत्तरं त्या नावाने आहेत.

तारांकित आणि अतारांकित हा फरक आधी समजून घ्या. लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित प्रश्न लागतात. त्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न, म्हणजे उत्तर ऐकून लगेच केलेला पुढचा प्रश्न, विचारता येतो. अतारांकित 230 पर्यंत असतात, त्यांना फक्त लेखी उत्तर. कुणाचा प्रश्न वर येणार हे सोडतीवर ठरतं. त्यामुळे “आमच्या साहेबांनी इतके प्रश्न विचारले” असा नुसता आकडा कुणी सांगितला तर मी आता विचारते, पुरवणीत काय विचारलं? आकड्यावरून काम कळत नाही. एकच प्रश्न नीट बांधलेला असला, तर तो दहा ढोबळ प्रश्नांपेक्षा जास्त माहिती काढून आणतो.

हे कसं, ते कागदावरच दिसतं. प्रश्न तुकड्यांत असतो: (क), (ख), (ग), (घ). खाली मंत्र्यांचं उत्तर सुरू होतं आणि पुष्कळदा पहिलीच ओळ असते, “(क) ते (घ)”. म्हणजे चारही तुकड्यांना मिळून एकच उत्तर. मी अशा पानाची प्रिंट काढते आणि पेन्सिलीने उत्तरातल्या प्रत्येक वाक्यासमोर क, ख, ग, घ लिहीत जाते. ज्या अक्षरासमोर काहीच उरत नाही, तो खरा प्रश्न होता. या बाईंच्या एका कागदावर माझ्या पेन्सिलीचा ‘ग’ कुठेच बसला नाही. ‘ग’ मध्ये त्यांनी शिकणाऱ्या मुलांची जिल्हावार संख्या मागितली होती. पुढच्या अधिवेशनात त्यांनी तेवढाच तुकडा वेगळा करून पुन्हा विचारला. वर्षभरात मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो इथे. चिकाटी म्हणतात ती हीच, आणि ती कुठल्या भाषणात ऐकू येत नाही.

शोधताना शब्द कुठला टाकता यावर सगळं अवलंबून आहे. मी आधी ‘होम स्कूलिंग’च टाकत बसले आणि हाती फार थोडं लागलं. मग ‘होम बेस्ड एज्युकेशन’ टाकलं आणि वेगळंच दार उघडलं. शिक्षण हक्क कायदा 2009चा, लागू झाला 1 एप्रिल 2010ला. त्याचं कलम 10 सांगतं की मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. घरी शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांची धाकधूक या कलमापाशी असते. पण 2012ची दुरुस्ती वाचा. तीव्र अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क त्यात दिला आहे. म्हणजे घरात होणारं शिक्षण कायद्याला अगदीच अनोळखी नाही. आमच्या ओळखीत एक मुलगा आहे, मान धरत नाही, पण गोष्टी ऐकून पुढचं वाक्य स्वतः जोडतो. त्याच्या आईला मी हे पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तिने ते फ्रिजवर चिकटवलं आहे.

तिसरा शब्द ‘मुक्त विद्यालय’. माझ्या मुलीची वाट बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनच जाणार, म्हणजे रोज शाळेत न जाता परीक्षा देता येते ती. दहावीसाठी तिथे वय 14 पूर्ण लागतं, पाच विषय, आणि पास व्हायला पाच वर्षांची मुदत. त्याची परीक्षा केंद्रं, प्रवेश, अपंग मुलांच्या सवलती यावर खासदार विचारत असतात, आणि उत्तरांतल्या तक्त्यांतून आम्हाला खूप काही कळतं.

आता जे मिळत नाही ते. उत्तरं इंग्रजीत आणि हिंदीत असतात. माझ्या सासूबाईंना नातीबद्दल दिल्लीत काय बोललं गेलं ते मराठीत वाचायचं आहे, मीच वाचून सांगते. दुसरं, शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय, 1976च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून. त्यामुळे कितीतरी उत्तरांत “शाळा बहुतांशी राज्यांच्या अखत्यारीत” हे वाक्य येतं आणि चेंडू मुंबईला येतो. म्हणजे विधानसभेतले आमदारांचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना वेगळ्या बघाव्या लागतात. तिसरं, खात्याचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीत कुठल्या खासदाराने काय मुद्दा लावून धरला ते इथे दिसणार नाही. त्या बैठका बंद दाराआड होतात, बाहेर येतो तो अहवाल.

अशासकीय विधेयकांचा विभाग बघून आधी मन खट्टू झालं. मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेली फक्त 14 विधेयकं आजवर कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. मग कशाला मांडायची? याचं उत्तर मला संसदेच्याच डिजिटल ग्रंथालयात मिळालं. तिथे इंग्रजांच्या काळातल्या कौन्सिलच्या चर्चाही ठेवल्या आहेत. आपले गोपाळ कृष्ण गोखले. 16 मार्च 1911ला त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं: सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, जिथे स्थानिक संस्था तयार असतील तिथे सक्ती, आणि महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या घराला फी माफ. मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. 1915ला गोखले गेले, पण मागणी मागे राहिली. 1918 मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेला माणूस सरकारी बाकांसमोर खर्चाचा हिशेब मांडतो आहे, ती पानं मी मुलीला वाचून दाखवली. तिने विचारलं, “मुलींचं काय?” विधेयकात सक्ती आधी मुलग्यांनाच होती. मी तिला खरं ते सांगितलं.

पाचपैकी चार तारे देते. मराठी प्रत मिळायला लागली की पाचवा.

गेल्या महिन्यात मी या खासदार बाईंच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद शाळाबाह्य मुलांत होते का आणि त्यांच्यासाठी वेगळा रकाना करणार का, असं विचारा म्हणून. त्यांच्या सहायकांचा फोन आला, प्रश्न 150 शब्दांत बसवून पाठवा. आज दुपारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो होतो. पोरीने बोटाने शब्द मोजले. 163 आहेत. तेरा काढायचे आहेत, आणि ‘रकाना’ हा शब्द काढायचा नाही असं तिने मला बजावलं आहे.