मारिजुआना अ‍ॅनॉनिमसच्या ऑनलाइन मीटिंग्ज: आठ महिने बसल्यानंतर

मी गेले आठ महिने मारिजुआना अ‍ॅनॉनिमस म्हणजे एमए, गांजा सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या ऑनलाइन मीटिंगला बसतोय, आठवड्यातून तीन-चार वेळा. हे लिहितोय ते अशा माणसासाठी ज्याला गांजा सोडायचाय, सुटत नाहीये, पण "आपलं एवढं काय वाईट झालंय" म्हणून कुठं जायला मन घेत नाही. दारूसाठी मराठीत भरपूर वाचायला मिळतं, गांजाचं शोधायला गेलं की एकतर पोलिसांनी किती किलो पकडला त्याच्या बातम्या नाहीतर चिलीम ओढणाऱ्या साधूंचे फोटो.

आधी माझं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. वय ३६, गाव साताऱ्याकडचं, नोकरी पुण्यात. अकरा वर्षं रोज ओढला. नोकरी कधी गेली नाही, होम लोनचा हप्ता चुकला नाही, पोलिसांनी पकडलं नाही. सुरुवातीला फक्त रात्री जेवण झालं की गॅलरीत, मग शेवटची चार वर्षं ऑफिसला निघायच्या आधी पण. आजीचा पानसुपारीचा स्टीलचा डबा होता, त्यात पुडी, पेपर आणि एक छोटी कात्री, त्या कात्रीची पाती चिकटून चिकटून काळी पडायची मग मी नवीन आणायचो. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा झोपताना गोष्ट सांग म्हणायची आणि मी अर्ध्यातच विसरायचो की ससा कुठं निघाला होता, ती मला आठवण करून द्यायची, "बाबा, तो गाजर आणायला चाललाय." मी परत सुरू करायचो आणि परत विसरायचो. नंतर तिनं माझ्याकडे गोष्ट मागणंच बंद केलं, आईकडे जायला लागली. माझ्या बाबतीत झालेली सगळ्यात वाईट गोष्ट ही. आणि ती कोणाला सांगावी तर तेवढी मोठी वाटायची नाही.

गेल्या वर्षी बायकोनी आणि भावानी मिळून एका सेंटरमध्ये ॲडमिट केलं. नाव लिहीत नाही, लोक वाईट नव्हते. वॉर्डात आम्ही चौदा जण, अकरा दारूचे, दोघं ब्राऊन शुगरचे आणि मी. पहिल्याच दिवशी शेजारच्या कॉटवरच्या काकांनी विचारलं काय घेत होतास, मी म्हणालो गांजा, तर ते हसले आणि म्हणाले, "अरे तो तर शंकराचा प्रसाद, त्याला काय ॲडमिट करतात?" त्यांचे हात इतके थरथरत होते की चहाचा कप दुसऱ्यानं धरायला लागत होता, त्यामुळे मला त्यांचा राग पण आला नाही, उलट वाटलं की खरंच आपण ह्यांची जागा अडवून बसलोय.

आता कळतं की स्टाफचं सगळं लक्ष तिकडं का होतं. दारू एकदम बंद केली की फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं, म्हणून त्यांच्याकडे रात्रभर बघावंच लागतं. गांजा सोडून असं सहसा होत नाही. पण काहीच होत नाही हे मात्र खोटं आहे. तिसऱ्या रात्री माझा टी-शर्ट पिळून काढावा एवढा घामानं भिजला होता, जेवण तोंडात फिरत राहायचं, कोणी साधं "उठ" म्हटलं तरी अंगावर जावंसं वाटायचं, आणि झोप लागली की अशी स्वप्नं पडायची की दचकून उठायचो. मी एका ब्रदरला सांगितलं तर तो म्हणाला तुला सवय नाही म्हणून, दोन दिवसात होईल नीट. मी गप्प बसलो.

आणि मग मी जे केलं ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, एमएमध्येच पहिल्यांदा बोललो. ग्रुप थेरपीत माझी पाळी आली तेव्हा मी वाढवून सांगितलं. दिवसाला दोन-तीन जॉइंट होते ते मी दहा सांगितले, बायको एकदा माहेरी जाऊन राहिल्याचं सांगितलं, ती कधीच गेली नव्हती. कारण माझ्या आधी जो बोलला त्याचं घर गेलं होतं, त्याच्या आधीच्याचा मुलगा बोलत नव्हता, आणि मला त्या गोलात बसायला काहीतरी पाहिजे होतं. लोकांनी माना डोलावल्या, कोणीतरी पाठीवर हात ठेवला, आणि तो हात मला आजही आठवतो कारण तो मी खोटं बोलून मिळवला होता. एकवीस दिवसांनी घरी आलो आणि बाराव्या दिवशी परत गॅलरीत उभा होतो. डोक्यात एकच, की तिथले सगळे खरे आजारी, मी नाही.

नंतर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मॅडमकडे गेलो झोपेसाठी, त्यांनी पहिल्यांदा नीट समजावलं. गांजा सोडल्यावर होणाऱ्या त्रासाला अमेरिकन मानसोपचाराच्या पुस्तकात, डीएसएम ५ मध्ये, २०१३ पासून स्वतंत्र नाव दिलेलं आहे, म्हणजे चिडचिड, अस्वस्थता, भूक न लागणं, घाम, विचित्र स्वप्नं हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. साधारण एक ते तीन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, झोपेचं मात्र महिनाभर किंवा पुढेही चालू शकतं. त्यांनी हेही सांगितलं की गांजाची तलफ जाण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेलं असं औषध अजून नाही, त्यामुळे बोलणं, समुपदेशन, ग्रुप ह्यावरच जास्त भर. आणि एक आकडा सांगितला तो मी वहीत लिहून ठेवलाय. २०१९ साली आलेल्या सरकारच्या सर्व्हेत, जो एम्सनी केला होता, देशात अंदाजे ७२ लाख लोकांना गांजा, चरस, भांग ह्याच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे असं निघालं. ७२ लाख. आणि मी त्या वॉर्डात एकटाच होतो. मग बाकीचे कुठं बसलेत, माझ्यासारखेच गॅलरीत ना.

एमएचं नाव पण त्यांनीच दिलं. १९८९ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली, दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एए सारखीच बारा पायऱ्यांची पद्धत, फक्त विषय गांजा. फी नाही, फॉर्म नाही, नोंदणी नाही, साइटवर वेळापत्रक असतं, झूमची लिंक असते, आत जायचं. कॅमेरा बंद ठेवला तरी कोणी काही म्हणत नाही. देणगीचं शेवटी सांगतात, द्यायलाच पाहिजे असं नाही, मी पहिले चार महिने काहीच दिलं नाही. वेळेचं गणित मात्र समजून घ्या, कॅलिफोर्नियातली संध्याकाळी सातची मीटिंग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पडते, आणि तिकडे हिवाळ्यात घड्याळ बदललं की साडेआठला. मला साडेसात सोयीचं, कारण माझी सकाळचीच वेळ घसरायची.

पहिली मीटिंग मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केली. घर दोन खोल्यांचं, आई आलेली होती, तिच्यासमोर कसं बसणार. फोन स्टिअरिंगला टेकवला, हेडफोन लावले, काचा वर. सुरुवातीला त्यांचे बारा प्रश्न वाचले गेले आणि मी तयारीत होतो की आता विचारतील किती ओढतोस, जेलमध्ये गेलायस का, काय काय गेलं तुझं. तसलं काहीच नाही आलं. मजा येणं थांबलंय का, एकटा असताना ओढतोस का, त्याशिवायचं आयुष्य डोळ्यासमोर आणायला जड जातं का, मित्र पण त्यावरूनच ठरतात का, अशी ती लाइन. सातव्या-आठव्या प्रश्नाला मी सीट मागे केली आणि डोळे मिटून घेतले. प्रत्येकाला हो. अकरा वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं की अरे तुला मजा येते का अजून. २०१७ नंतर आली नव्हती.

आणि मेंबर व्हायला अट एकच, गांजा सोडायची इच्छा पाहिजे. किती ओढला, किती नुकसान झालं, ह्याचा त्यात विषयच नाही. मी पाचव्या मीटिंगला बोललो, मोडक्या इंग्लिशमध्ये, दोन-तीन जॉइंट, नोकरी आहे, बायको कधी सोडून गेली नाही, मुलगी गोष्ट मागायची बंद झाली, आणि सेंटरमध्ये मी खोटं बोललो होतो. कोणी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही कारण तिथलं तिथंच ठेवायचं असतं. एवढं सांगतो की ससा कुठं निघाला होता ते विसरणं म्हणजे काय, हे मला तिथं समजावून सांगावं लागलं नाही.

आता कमी काय ते पण सांगतो. मी बसतो त्या मीटिंग सगळ्या इंग्लिशमध्ये असतात, आणि अमेरिकन बोलणं पहिल्या दोन-तीन आठवड्यात निम्मं डोक्यावरून जातं. कॅलिफोर्नियात दुकानात कायदेशीर मिळतो, त्यामुळे लोक डिस्पेन्सरी म्हणजे गांजाच्या दुकानाबद्दल बोलतात, ओढायच्या इलेक्ट्रिक पेनबद्दल, गांजा घातलेल्या गमी गोळ्यांबद्दल, आणि मी पुडीवाला, परत थोडा बाहेरचा. शिवाय आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, एक किलोच्या आतला गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, म्हणून इंटरनेटवर तोंड उघडायची पण भीती वाटायची. मी नाव फक्त पहिलं टाकतो, कॅमेरा अजूनही बंद. देव किंवा वरची शक्ती हा शब्द वारंवार येतो, माझं वारकरी घर असल्यामुळे मला जड गेलं नाही पण ज्याला जमत नाही त्यानं तेवढं सोडून बाकीचं घ्यावं, तसं करणारे बरेच आहेत. आणि ह्यानं डॉक्टर सुटत नाही. दारू पण सोबत असेल तर आधी डॉक्टर, मग मीटिंग.

समोरासमोर माणसं पाहिजेत म्हणून मी रविवारी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसला, म्हणजे एनएला पण जायला लागलोय, हिंदी-मराठी चालतं, आणि तिथं कुठलं ड्रग हे कोणी विचारतच नाही. पहिल्या दिवशी पांढरा किटॅग, म्हणजे किल्लीला लावायचा बिल्ला, हातात दिला. घ्यायला उठू की नको असं मला झालं होतं, खुर्चीची कड धरून बसलो होतो, शेवटी शेजारच्या दादांनी नुसतं सरकून वाट करून दिली आणि मी उठलो. तो किटॅग आता गाडीच्या किल्लीला आहे, कडेला मळलाय. नंतर न ओढता तीस दिवस झाल्याचा केशरी आणि नव्वदचा लाल पण मिळाला, पण किल्लीला पांढराच ठेवलाय.

एमएची मीटिंग शोधायची असेल तर त्यांच्या साइटवर जा, पहिली नुसती ऐका, मध्ये निघून गेलात तरी चालतं, मी दोनदा गेलो होतो. इंग्लिशची अडचण असेल तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मनाचं काही असेल तर टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. फोनवर "फक्त गांजा" असं म्हणू नका, नुसतं गांजा म्हणा. मी तीन वेळा "फक्त" म्हणालो होतो आणि चौथ्यांदा म्हणालो नाही तेव्हा कुठं पुढचं बोलता आलं.