फेडरल एचएसटी ९ एमएम १२४ ग्रेन: घरात ठेवायला घ्यावी का?

मी टेक्सासात राहतो, घरात ग्लॉक १९ पिस्तूल आहे, आणि एचएसटी ही फेडरल कंपनीची त्यात चालणारी गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). इथले आपले बरेच देशी लोक गन घेतात आणि रेंजवर उडवायची स्वस्तातली एफएमजेच (पूर्ण धातूच्या आवरणाची, न फुलणारी गोळी) घरीही भरून ठेवतात, ते काही बरोबर नाही. ती आरपार जाते, आणि इथली घरं म्हणजे लाकूड नि ड्रायवॉल (प्लास्टरचे पातळ बोर्ड), पलीकडच्या खोलीत पोरं झोपलेली. (नेम चुकला तर हॉलो पॉइंट, म्हणजे फुलणारी गोळीपण ड्रायवॉल फोडतेच, तेव्हा आधी प्रॅक्टिस करा.)

एचएसटी हॉलो पॉइंट आहे, टोकाला खड्डा, आत गेली की फुलते. एफबीआयचं माप म्हणजे १० टक्क्यांच्या जेलमध्ये (मांसाच्या जागी वापरतात ते जिलेटिन) गोळी १२ ते १८ इंच आत जायला हवी. १९८६ ला मायामीत चकमक झाली, एक गोळी गुन्हेगाराच्या हृदयाच्या अगदी जवळ जाऊन थांबली आणि तो लढतच राहिला, त्यानंतर हे सगळं टेस्टिंग सुरू झालं. जाड कपड्यात खड्डा बुजला तर हॉलो पॉइंट फुलतच नाही, म्हणून डेनिम लावून टेस्ट करतात.

मी जेल आणलं नाही, महाग पडतं. मित्राच्या रानात पाण्याचे कॅन ओळीने लावले, पुढे जुन्या जीन्सचे चार पदर. पाण्यावरून खोली कळत नाही पण गोळी फुलते की नाही ते कळतं, आणि ही मस्त फुलली, पाकळ्या मागे वळलेल्या, धार एवढी की हाताला लागेल. दुसऱ्या एका स्वस्त ब्रँडच्या खड्ड्यात निळं कापड ठासून भरलेलं, गोळी जशीच्या तशी!

पण माझ्या मते यूट्यूबवरच्या जेलच्या व्हिडिओंपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती *तुमच्या* गनमध्ये अडकते का. त्यासाठी निदान दोन-तीन मॅगझिन उडवाच, पैसे जातात पण जाऊदे. माझ्यात एकदाही अडकली नाही, आणि नेमही रेंजवाल्या १२४ ग्रेनच्याच जागी लागतो. बॅरल अगदी छोटी असेल तर वेग कमी पडतो, मग स्वतः तपासा.

अजून एक, रोज अनलोड करून तीच गोळी परत परत चेंबरमध्ये घालू नका, तिचं पुढचं टोक मागच्या केसमध्ये (दारू भरलेल्या नळीत) आत सरकतं आणि उडवताना प्रेशर वाढतं. नव्या गोळीशेजारी उभी करून बघा, बुटकी दिसली तर बाजूला काढा.

२० च्या बॉक्सपेक्षा ५० चा मिळाला तर घ्या, गोळी तीच असते. आणि न्यू जर्सीवाल्यांनो, तुमच्याकडे हॉलो पॉइंट घरात चालते पण बाहेर घेऊन फिरायचे नियम फार कडक आहेत, आधी वकिलाला विचारा.