चाकांवरचं छोटं घर: सगळे ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

चाकांवरच्या घरात राहायला गेलं की मन आपोआप शांत होतं, असं आम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांतल्या बहुतेकांनी त्या घरात एखादा शनिवार-रविवार काढलेला होता. आम्ही नवरा-बायको मोठं घर रिकामं करून इथे आलो, त्याला आता सगळे ऋतू उलटून गेलेत. घर आवडलंय, परत फिरायचा सध्या तरी विचार नाही. पण ही घरं ज्या गोड गोड भाषेत विकली जातात तिच्यावर माझा राग आहे. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी मापं. घर ट्रेलरवर बांधलेलं, लाकडी सांगाड्याचं, रुंदी २.५५ मीटर. युरोपात खास परवान्याशिवाय रस्त्यावरून नेता येणाऱ्या वाहनाची कमाल रुंदी साधारण एवढीच, आणि उंची बहुतेक देशांत ४ मीटर. अमेरिकेत रुंदी ८.५ फूट धरतात. त्यामुळे ही घरं कुठेही बघा, आगगाडीच्या डब्यासारखी अरुंद आणि लांबुळकीच दिसतात. भिंतींची जाडी वजा केली की आत सव्वादोन मीटरच्या आसपास रुंदी उरते. एका अंगाला ओटा आणि दुसऱ्या अंगाला बाक ठेवला की मधून एका वेळी एकच माणूस जातो. दुसऱ्याने बसायचं किंवा बाहेर थांबायचं.

सामान कमी करण्याबद्दल खूप लिहिलं जातं. प्रत्येक वस्तू हातात घ्या, ती आनंद देते का ते मनाला विचारा, वगैरे. माझ्या बाबतीत हा प्रश्न पूर्ण निरुपयोगी ठरला, कारण मला सगळंच आनंद देतं. जुनी पत्रं, वापरात नसलेलं शिवणयंत्र, झाकण हरवलेले डबेसुद्धा. काम केलं ते वजनाने. ट्रेलरच्या आसांवर किती भार चालेल याचा आकडा ठरलेला असतो, आणि त्यातून घराचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं. १०० लिटर पाणी भरलं की त्यातले १०० किलो तिथेच संपले. मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक पुस्तक ठेवायला लागलो. पुस्तकं फार जड असतात हो. पण गंमत अशी, की वजनाच्या भाषेत बोलायला लागल्यावर रडारड थांबली. 'हे माझ्या आठवणीतलं आहे' यावर वाद घालता येत नाही; 'हे नऊ किलोचं आहे' यावर घालता येतो. शिवणयंत्र भाचीकडे गेलं. पत्रं ठेवली, सगळी, आणि त्यांच्यासाठी नवऱ्याने आपली हत्यारांची एक पेटी सोडली. ते त्याने आपणहून केलं, मी सुचवलंही नव्हतं.

पसारा आणि मनावरचा ताण यांचा संबंध आहे का, तर थोडा असावा. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्या बायकांनी आपलं घर पसाऱ्याचं, अर्धवट कामांचं म्हणून वर्णन केलं, त्यांच्यात कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाची दिवसभरातली उतरण जास्त सपाट दिसली होती, म्हणजे सकाळी वाढलेलं ते दिवसभरात एरवीसारखं उतरत नव्हतं. यावरून 'सामान टाका, ताण जाईल' असं सांगणारे मात्र एक पायरी गाळतात. आधी ताण होता म्हणून पसारा झाला, असंही असू शकतं. आणि छोट्या घरात पसारा व्हायला दोन कप आणि एक टॉवेल पुरतो.

आता ओल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घर घेण्याआधी कुणीच याबद्दल बोललं नाही.

दोन माणसांचा रात्रभराचा श्वास, आंघोळ, ओट्यावरची वाफ, वाळत घातलेले कपडे, सगळं एवढ्याशा हवेत साठतं. त्यात गॅसचं गणित वेगळंच. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. धूर बाहेर काढणारा पाइप नसलेल्या हीटरवर घर गरम केलं, की ती सगळी वाफ आतच राहते आणि जिथे गार पृष्ठभाग सापडेल तिथे पाणी होऊन बसते. खिडकीच्या काचा दिसतात, पुसता येतात. गादीखालचं दिसत नाही. थंडीतल्या एका सकाळी मी गादीचा कोपरा उचलला तर खालच्या प्लायवर गार, चिकट ओल आणि कडेकडेने बारीक काळे ठिपके. बोट फिरवलं तर काळं पुसट ओघळलं. वास मात्र अजून आलेला नव्हता.

अशाच घरात राहणाऱ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "नकारात्मक नजरेने बघू नका. घर तुमच्याशी बोलतंय." बोलत होतं खरं. सपाट प्लाय काढून पट्ट्यांचा पलंग करा आणि छताला बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, असं म्हणत होतं. ते दोन्ही केलं. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र भिंतीवर लावलं. ६० टक्क्यांच्या वर काटा रेंगाळला की कितीही थंडी असो, पंखा सुरू आणि समोरची खिडकी बोटभर उघडी. हीटर बदलून धूर बाहेर सोडणारा घेतला. गादी रोज सकाळी भिंतीला टेकवून उभी करतो. ठिपके पुन्हा आले नाहीत.

सकारात्मक राहण्याच्या सल्ल्यांवर माझा आक्षेप नेमका इथे आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, जो कार्यक्रम सुरू केला, तो पुढे आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून जगभर गेला. त्याचा गाभा साधा आहे: आत्ता समोर जे आहे त्याकडे मुद्दाम, निवाडा न करता लक्ष द्यायचं. त्यात हसतमुख राहा असं कलम नाही. ओल दिसली तर ओल बघायची. 'किती सुंदर सकाळ' म्हणत गादी परत खाली टाकली, तर ना सजगता झाली ना सफाई.

लक्ष देण्याची सवय मात्र या घराने खरोखर लावली, हे मान्य करते. ध्यानाला बसून मला कधी जमलं नव्हतं ते बॅटरीच्या आकड्याने जमवलं. १२ व्होल्टच्या (प्रत्यक्षात १२.८), १०० अँपिअर-अवरच्या एका लिथियम बॅटरीत साधारण १.२८ युनिट वीज मावते. त्यावर १,५०० वॉटचा विजेचा हीटर लावला तर तासाभराच्या आत ती रिकामी. दिवे आणि फोनला मात्र तीच बॅटरी पुरून उरते. त्यामुळे ढग किती दाट आहेत, सौर पॅनेलवर झाडाची सावली कधी येते, इन्व्हर्टर उगाच चालू राहिलाय का, हे सगळं आपोआप ध्यानात राहायला लागलं. थंड प्रदेशात राहणार असाल तर एक गोष्ट विकणाऱ्याला आधी विचारून घ्या: लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. चांगल्या बॅटरीतलं नियंत्रण चार्जिंग स्वतःच बंद करतं, पण मग लख्ख ऊन असूनही आकडा हलत नाही आणि माणूस वेड्यासारखा वायरी तपासत बसतो. आम्ही बॅटरी ट्रेलरखालून काढून बाकाखाली, घराच्या उबेत आणली.

पाण्याचंही तेच. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातात, म्हणजे पाच मिनिटांत निम्मी टाकी. आता अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. पहिले काही दिवस चिडचिड झाली, नंतर काही वाटेनासं झालं. याला मी आध्यात्मिक प्रगती म्हणणार नाही, अंगवळणी पडलं एवढंच.

दोघांनी एका खोलीत राहण्याबद्दल. रुसून जायला खोलीच नाही. मोठ्या घरात आम्ही भांडण झालं की दोन टोकांना जायचो आणि संध्याकाळपर्यंत विषय आपोआप विझायचा. इथे भांडण संपवावं लागतं. एकदा मी म्हटलं, "अरे, तू जरा वेळ बाहेर जा ना." तो म्हणाला, "अगं, पाऊस पडतोय." "मग छत्री घेऊन जा." गेला. परत आला तेव्हा दोघांनाही हसू आलं, पण दर वेळी असं होईल याची हमी नाही. नंतर आम्ही हेडफोन हा नियम केला: कानावर चढले की तो माणूस घरात नाही असं समजायचं. ज्यांचं मोठ्या घरात जमत नाही त्यांचं छोट्या घरात जमेल, या आशेवर कृपा करून हे घर घेऊ नका.

कंपोस्टिंग टॉयलेटची, म्हणजे पाण्याशिवाय चालणाऱ्या, मैल्याचं खत करणाऱ्या संडासाची भीती वाटत असेल तर ती अनाठायी आहे. लघवी वेगळी करणारं मॉडेल घ्या, वास मुख्यतः दोन्ही मिसळल्यावर येतो. बादली रिकामी करायचं काम मात्र कुणाला तरी करावं लागतं, आणि ते पाळीने करायचं हे आधीच ठरवून ठेवा.

घर हलवणं हे चित्रात दिसतं तितकं सोपं नसतं. आम्ही फार कमी वेळा हलवलं. जड सामान आसाच्या पुढे-मागे कुठे आहे त्यावर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवणार की नाही ते ठरतं. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर यावा असं सांगतात, युरोपात याहून कमी. चाकांचे नट पहिल्या शंभरेक किलोमीटरच्या आत पुन्हा आवळायचे. टायर झिजलेले नसले तरी म्हातारे होतात, उभ्या घराचे तर हमखास. बाजूवर छापलेल्या शेवटच्या चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुनं घर घेणार असाल तर आधी तेच वाचा.

आणि उभं कुठे करणार, हा प्रश्न घर घेण्याआधी सोडवा. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत २०१८च्या आवृत्तीत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या, माळा सोडून, घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं, पण ते जमिनीत पाया घालून बांधलेल्या घरांना धरून आहे. चाकं असली की अनेक ठिकाणी तुमचं घर वाहन ठरतं आणि वाहनात कायम राहायला परवानगी नसते. आम्ही जिथे आहोत तिथली परवानगी दर वर्षी नव्याने मागावी लागते. ती येईपर्यंत जी झोप उडते, तिच्यावर कुठलाही श्वासाचा व्यायाम मला लागू पडलेला नाही.

गॅस वापरत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि गॅसगळतीचा अलार्म दोन्ही लावा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळतीचा अलार्म जमिनीजवळ हवा. आमच्या घरात तो छताला लावून दिला होता.

पुन्हा घेतलं तर काय बदलेन? माळ्यावरचा पलंग. फोटोत सुरेख दिसतो, पण गरम हवा वर जाते, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे भाजतं. डोकं छताला लागतं, आणि मध्यरात्री लघवीला उठून झोपेत शिडी उतरणं या वयात परवडत नाही. सध्या बाकालाच पलंग करायचं काम चालू आहे. माळ्यावर पत्रांची खोकी जातील.