राउटरवर वायफायच्या सुरक्षेला नुसतं डब्ल्यूपीए३ का मिक्स मोड?

सांगलीत विश्रामबागला आमच्या बिल्डिंगमध्ये वायफायची लिस्ट उघडली की सगळ्या मजल्यांची नावं दिसतात, म्हणजे आपलंपण सगळ्यांना दिसतंय की.

डब्ल्यूपीए म्हणजे वायफायचं कुलूपच. त्यातलं २०१८ चं डब्ल्यूपीए३ भारीच, कारण २००४ च्या डब्ल्यूपीए२ मध्ये फोन कनेक्ट होतानाचा हँडशेक, म्हणजे पासवर्ड तपासायला फोन-राउटरमध्ये होणारी देवाणघेवाण, कुणी पकडला तर तो घरी निवांत बसून लाखो पासवर्ड लावून बघू शकतो, डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजाला राउटरशीच बोलायला लागतं. पण नुसतं तेच ठेवलं तर जुना प्रिंटर, स्वस्तातला स्मार्ट प्लग, पप्पांचा टॅब... गेले! आणि एरर काय तर म्हणे पासवर्ड चुकीचा.

मिक्स मोडमध्ये दोन्ही चालतात, पण पासवर्ड एकच, तिथंच गोम आहे, जुन्या बाजूनं तो फुटला तर नव्याचा उपयोग काय? काही जुनी डिव्हाइस तर मिक्सलापण अडतात.

मी तरी मेनला डब्ल्यूपीए३ ठेवीन आणि जुना माल गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या मेनपासून वेगळ्या वायफायवर, २.४ गिगाहर्ट्झ, डब्ल्यूपीए२ एईएस (डेटा गुप्त करायची पद्धत), पासवर्ड वेगळा आन लांबलचक. टीकेआयपी ही जुनी पद्धत नको, स्पीड ५४ एमबीपीएसला अडकतोय. गेस्टवरच्या प्रिंटरला मेनवरच्या फोनवरनं प्रिंट बहुतेक जाणार नाही, त्याला सरळ यूएसबी केबल लावा.