एलडी२४१०सी रडार सेन्सर, गणपतीच्या मखरात वापरून बघितला

यंदा मखराच्या कडेने डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक एलईडी वेगळा पेटवता येतो ती) एलईडींची ५ मीटर पट्टी लावली, समोर कोणी आलं की उजेड खालून वर चढत जाणार असा बेत. सेन्सर आधी सगळे घेतात तोच, पांढऱ्या घुमटवाला एचसी-एसआर५०१ पीआयआर (शरीराची उष्णता ओळखणारा). टेस्टिंगला एक नंबर चालला, कारण मीच समोर येरझाऱ्या घालत होतो ना! पहिल्याच दिवशी शेजारच्या काकू आल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि बाप्पा अंधारात. या पठ्ठ्याला उष्णता हलली तरच कळतं, माणूस गप्प उभा राहिला की त्याच्या लेखी तिथे कोणीच नाही, आणि दर्शनाला लोक गप्पच उभे राहतात. नारिंगी स्क्रू फिरवून वेळ वाढवला तर सगळे जेवायला बसले तरी रोषणाई चालूच.

मग हा एलडी२४१०सी मागवला. २४ गिगाहर्ट्झचं रडार आहे, श्वासाने छाती हलते तेवढंही पकडतं. बाबा मुद्दाम श्वास रोखून उभे राहिले, तरी लाईट गेला नाही, शेवटी तेच हसले. पुठ्ठ्यामागे लपवला तरी चालतो, पीआयआरचा तो डोळा मखरातून बाहेर काढावा लागायचा तसं नाही. मोबाईलवरून ब्लूटूथने अंतराचे ७५-७५ सेंमीचे टप्पे सेट होतात, मी सव्वादोन मीटरच्या पुढचं बंदच केलं, नाहीतर सोफ्यावर बसलेल्यालाही भक्त समजायचा. घेताना 'सी' बघूनच घ्या, साध्या २४१० च्या पिन्स एकमेकींपासून १.२७ मिमीवर असतात, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीवर) बसत नाहीत.

आता रडगाणं. टेबलफॅन फिरता ठेवला की त्यालाही माणूस समजतो, आरतीला उकाड्यात फॅन बंद ठेवायला लावला म्हणून शिव्या खाल्ल्या. आणि हा फक्त कोणीतरी आहे आणि किती लांब एवढंच सांगतो, डावीकडे की उजवीकडे ते नाही, म्हणजे चालणाऱ्याच्या मागे मागे उजेड सरकवायचा असेल तर एलडी२४५० बघा, तोही एकावेळी तिघांपर्यंतच.

जाता जाता, पट्टीचे ३०० एलईडी फुल पांढऱ्यावर १८ अँपिअर मागतात. ब्राईटनेस कमी ठेवा आणि ५ व्होल्ट दोन्ही टोकांना द्या, माझं लांबचं टोक आधी लालसर पडलं होतं.

५ पैकी ४, एक स्टार फॅनचा कापला.