कोकराचे शव घेऊन विकृतीशास्त्र विभागात

मृग लागल्यावर आठवड्याभरात आमच्या कळपातील तीन कोकरे एकेका रात्रीत गेली, आणि तीही खंगलेली नव्हेत, तर सर्वांत धष्टपुष्ट. शेजारच्या रानात नुकतीच फवारणी झाली होती, त्यामुळे विषबाधेचा संशय घेऊन गोष्ट भांडणापर्यंत आली होती. चौथे कोकरू पहाटे दगावलेले दिसताच ते बर्फात घालून मी राज्यातील एका शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतीशास्त्र विभागात नेले.

शवविच्छेदनगृहाकडे नेणारी एकही पाटी आवारात नसल्याने पाऊण तास एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाण्यात गेला. पुढचे काम मात्र पाहत राहावे असे होते. सुरी लावण्याआधी कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून काळपुळीचे जंतू नाहीत याची खात्री करून घेण्यात आली, कारण त्या रोगाने मेलेले जनावर फाडल्यास जंतूंचे चिवट बीजाणू तयार होऊन जमीन वर्षानुवर्षे दूषित राहते. मग कोकरू डाव्या कुशीवर ठेवून, गमबूट घातलेल्या सात-आठ विद्यार्थ्यांच्या देखत विच्छेदन सुरू झाले.

हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी व त्यात जेलीसारखी गाठ, हृदयाच्या आतील अस्तरावर रक्ताचे ठिपके, पोटात न पचलेला मका. मूत्रपिंड बोटाने दाबताच लगद्यासारखे झाले, तेव्हा एका विद्यार्थिनीने लगेच ‘आंत्रविषार’ (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणारा रोग) म्हटले. प्राध्यापकांनी तिला थांबवले. ‘उन्हात पडलेल्या कोणत्याही मेंढीचे मूत्रपिंड असेच होते, एवढ्यावर निदान लिहू नका,’ असे सांगून त्यांनी मूत्राशयातील लघवीत पट्टी बुडवायला लावली. पट्टीवर साखर दिसली, म्हणजे त्या संशयाला आधार मिळाला. आतड्यातील द्रवाच्या रंगवलेल्या काचपट्टीवर जाड दंडाकृती जंतूंची गर्दी होती, ती त्यांनी मलाही दाखवली. मेंदूचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये ठेवताना एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते आपल्या प्रबंधासाठी वापरू का, असे रीतसर विचारले, हे मला आवडले. माझ्या मते या सेवेचे खरे बळ येथेच आहे: विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत असल्यामुळे प्रत्येक निष्कर्षाला पुरावा मागितला जातो, आणि त्याचा लाभ पशुपालकाला नाममात्र शुल्कात मिळतो.

दुपारपर्यंत तोंडी निदान मिळाले. मक्याचा भरडा एकाएकी वाढवल्याने व कोवळ्या गवतावर सोडल्याने आतड्यातील जंतू बेसुमार वाढले होते आणि त्यांच्या विषाने कोकरे मेली होती. पावसाळ्यापूर्वी द्यायची लस मी चुकवली होती. शेजाऱ्याकडे जाऊन मला माफी मागावी लागली.

लेखी अहवालाबाबत मात्र तक्रार आहे. ऊतींचे तुकडे मेणात बसवून, चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून, रंगवून तपासण्याचे काम काही दिवसांचे असते. मला अहवाल पाच आठवड्यांनी मिळाला, तोही तीनदा फोन केल्यावर. हे काप करणारा तंत्रज्ञ एकच आहे, असे कारण देण्यात आले. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती पाझरलेल्या द्रवामुळे निदान पक्के झाल्याचे त्यात नोंदवले होते, परंतु सारा अहवाल इंग्रजीत होता आणि तो गावच्या पशुधन पर्यवेक्षकांकडून समजून घ्यावा लागला. खाली मराठीत चार ओळी लिहिणे अवघड नव्हते.

विभागाचे नमुन्यांचे संग्रहालय वेळ असल्यास अवश्य पाहावे, जरी निम्म्या बरण्यांवरील चिठ्ठ्यांची शाई उडालेली आहे. शव नेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ते बर्फावर थंड ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावे, डीप फ्रीजरमध्ये गोठवू नये. गोठताना पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे फारसे उरत नाही. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांची कोंबडी त्याच कारणाने अर्धवट तपासली गेली.